ताजा रंग, ताजा रिपोर्ट आणि माझे 18,78,500

जुनी शिडाची बोट घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा. बाकीच्यांनी हसलात तरी चालेल, घरचे हसून झालेच आहेत.

बोट 34 फुटी, फायबरग्लासची, 1998 ची. किंमत 18,40,000. वर सर्व्हेयरची फी 38,500. म्हणजे डोळे झाकून घेतली असं कुणी म्हणू नये, रीतसर सर्व्हे करून घेतली. रंगीत फोटोंचा जाडजूड रिपोर्ट आहे माझ्याकडे. गॅसची नळी, दिवे, अगदी गाद्यांची अवस्थासुद्धा लिहिलीय. आणि एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत: बोट पाण्यात असताना तपासणी केली, पाण्याखालचा भाग व कीलच्या आतली बांधणी पूर्ण पाहता आली नाही. (कील म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बोल्टांनी बसवलेलं जड पातं.) अहो, मग 38,500 कशाचे घेतले? गाद्यांचे?

ब्रोकरची तऱ्हा तुम्हाला माहीत असेलच. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, टोकन टाका, वगैरे. सर्व्हेयर त्यानेच सुचवला. इंजिनाचं सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता, पैसे माझे होते तरी. बोट उचलून बघायची म्हटलं तर, "ताई, क्रेनचे 24,000 कशाला घालवता? आत्ताच बाहेर काढून तळाला नवा रंग दिलाय, हे बघा फोटो." फोटो खरेच होते. निळाशार, एकसारखा तळ. आता कळतं की तळावरच्या फोडांपासून लांबीने बुजवलेल्या भेगांपर्यंत सगळं झाकायला तो एक हात रंग पुरतो. विकायच्या तोंडावर रंगवलेला तळ दिसला की खरवडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर निघा.

पण मला राहून राहून आठवतो तो बिल्ज, म्हणजे केबिनच्या फळ्यांखालचा, बोटीच्या तळाचा खोलगट भाग. केबिनमधल्या टेबलापाशी जमिनीची फळी उचलली. इतक्या वर्षांच्या बोटीचा बिल्ज कसा असतो? तेलकट, काळपट, कोपऱ्यात केसांचे पुंजके आणि गंजलेला एखादा स्क्रू. इथे पांढराशुभ्र! कीलच्या बोल्टांच्या नटांवरूनसुद्धा ब्रश फिरवलेला. हाताचं बोट लावलं तर चिकट लागलं, वास थेट डोक्यात गेला. मी ब्रोकरला विचारलंसुद्धा. "गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर घाण दाखवायची का, ताई?" आणि त्याच्या मागची फळी, म्हणजे कीलच्या मागच्या टोकावरची, नव्याकोऱ्या स्क्रूंनी आवळलेली. "तिथे काही नाही, नुसती टाकी आहे." सर्व्हेयर टॉर्च घेऊन शेजारीच उभा होता. साधा स्क्रूड्रायव्हर मागितला नाही त्याने! पैसे देऊन माणूस आणल्यावर फळ्या उघडायचं काम मी करायचं होतं का?

नेमकी तीच फळी का, ते नंतर समजलं. बोट खडकावर आदळली की कीलचं खालचं टोक मागे ढकललं जातं. पुढचा सांधा उघडतो आणि मागचं टोक वर, तळात घुसतं. तिथे आतून मजबुतीसाठी आडव्या पट्ट्यांची जाळी चिकटवलेली असते, ती सुटते किंवा तडकते. या बोटीची सुटली होती. विमा कंपनीने पाण्याबाहेरचा सर्व्हे मागितला म्हणून हे उघडकीला आलं. क्रेनला लटकलेल्या बोटीच्या कीलच्या पुढच्या सांध्यात नख जाईल एवढी फट होती आणि त्या नव्या निळ्या रंगावरून गंजाचं पाणी ओघळत होतं. दुसऱ्या सर्व्हेयरने, जो मी स्वतः शोधला, नाणं वाजवून घ्यावं तसा छोट्या हातोडीने तळ वाजवत नेला. टण, टण, टण, आणि मागच्या टोकापाशी बद्द.

दुरुस्तीचा अंदाज 7,65,000. कील उतरवायची, बोल्ट बदलायचे, जाळी पुन्हा बसवायची. तोवर विमा नाही. "थोडं चालवून बघा" म्हणणाऱ्यांना सांगते, मे 2014 मध्ये 'चीकी राफिकी' नावाच्या बोटीची अटलांटिकमध्ये कील तुटली आणि चारही जण गेले. चौकशीत आधीच्या आदळण्यांचा आणि सुटलेल्या जाळीचाच मुद्दा निघाला होता.

आता दाद मागायची कुठे? पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, वकील गाठा. वकील म्हणाला, करारात 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय, विकणाऱ्याला आदळल्याचं माहीत होतं हे सिद्ध करा. सिद्ध करायला, बोटी दुरुस्त होतात त्या यार्डातली जुनी नोंद हवी. यार्डवाला म्हणतो, ती जुन्या मालकाची खासगी माहिती, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हाच नोंदला नाही तर पत्र कसलं? बंदर कार्यालयात गेले तर आम्ही फक्त नोंदणी बघतो म्हणाले, आणि नावबदलाचे 3,200 आधी भरून घेतले, त्यात मात्र एका दिवसाचा उशीर चालला नाही! सर्व्हेयरांच्या संघटनेला लिहिलं. उत्तर आलं, सदस्याने मर्यादा रिपोर्टात नमूद केल्या आहेत. ब्रोकर म्हणतो, मी तर फक्त मध्यस्थ. पैसे मोजताना सगळे हजर होते.

आणखी एक. आपण पोहोचायच्या आधीच इंजिन गरम असेल तर परत या, ते थंड असताना सुरू करून दाखवायला लावा. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील तर नव्या तारांचा खर्च आधीच किमतीतून वजा करा, विमावाले विचारतातच. विकणाऱ्याने दिलेला जुना रिपोर्ट फुकट असतो कारण त्यातल्या चुकांसाठी तुम्हाला कुणीच जबाबदार नसतं. आणि सर्व्हेयर ठरवल्यावर पहिला फोन त्याला करा, ब्रोकरला नाही. कुठल्या फळ्या उघडणार, ते त्याच्याकडून लेखी घ्या.

बोट सध्या यार्डात टेकूंवर उभी आहे. भाडं महिन्याला 11,200, तेही त्याच यार्डवाल्याला, ज्याच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे.