सागवान गेलं, गुलमोहर राहिला

पुण्यात आमचं जुनं बैठं घर आहे. तिथे आई एकटीच असते, मी ठाण्याला. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात अंगणातल्या गुलमोहराची एक फांदी मोडून शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडली. नुकसान काही झालं नाही, पण आई धास्तावली. दुसऱ्याच दिवशी सकाळी गेटवर एक माणूस हजर. "आजी, पलीकडच्या गल्लीत आमचं काम चाललंय. हे झाड या पावसाळ्यात तुमच्या घरावर येणार बघा."

वादळाच्या दुसऱ्या दिवशी न बोलावता दारात येणारा झाडवाला दिसला की आता माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा मात्र वाटलं, बरं झालं, माणूस आयताच मिळाला.

फोनवर बोलणं झालं. पूर्ण झाड उतरवून, पाला-ओंडके उचलून 22,000, त्यातले 12,000 आगाऊ. परवानगीचं काय, म्हणून विचारलं. "ताई, ते आमच्यावर सोडा. उद्यान विभागात आपलीच माणसं आहेत." लगेच व्हॉट्सअॅपवर परवानगीपत्राचा फोटो आला. वर महापालिकेचं नाव, खाली गोल शिक्का आणि सही. मी संध्याकाळच्या लोकलमध्ये उभी होते, एका हाताने कडी धरून. फोटो मोठा करून पाहिला नाही, पैसे पाठवले. पैसे त्याच्या नावावर न जाता कुठल्याशा बाईच्या नावावर गेले, तेही मला खटकलं नाही. आठवड्याने तो कागद नीट वाचला, तर पत्ता दुसऱ्याच सोसायटीचा, झाड अशोकाचं, परवानगी फक्त फांद्या छाटायची आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची!

कामाला तिघे आले. एक दोर, एक कटर मशीन. पट्टा नाही, हेल्मेट नाही, वर चढलेला पोरगा स्लिपर घालून. फांदी दोराने बांधून सावकाश खाली सोडायची, आधी खालून थोडा काप द्यायचा आणि मग वरून, हे मला नंतर कळलं. यांनी थेट वरूनच मशीन लावलं. मोठी फांदी अर्धी कापली गेल्यावर स्वतःच्या वजनाने फाटली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली, ऊस सोलावा तशी. घराच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. रस्त्याच्या बाजूला विजेची तार, त्यासाठी महावितरणकडून लाइन बंद करून घ्यावी लागते. ते कोण करणार? त्या फांद्या तशाच राहिल्या. म्हणजे जे झाड आधी जरासं कललेलं होतं, त्याचा सगळा भार आता रस्त्यावर.

खरं दुखणं पुढेच. दुपारी आई औषध घेऊन पडली होती. मशीनचा आवाज येत होता, तिला वाटलं काम चाललंय. उठून मागच्या दारी गेली तर सागवान जागेवर नाही.

ते बाबांनी 1983 साली लावलेलं. सरळसोट. लहानपणी आम्ही त्याचं कोवळं पान तळहातावर चोळायचो, हात लालभडक व्हायचे, मग "रक्त आलं" म्हणून आजीला घाबरवायचो. आता तिथे वीतभर बुंधा, भोवती पिवळसर भुसा आणि ताज्या सागाचा तो चामड्यासारखा वास. "वाळलंच होतं आजी, म्हणून काढून टाकलं," एवढंच उत्तर. ओंडके टेंपोत, वर गुलमोहराचा पाला पसरलेला. "हे टाकून येतो, बाकीचं उद्या." ते उद्या आलंच नाही. आधी टेंपो पंक्चर, मग गावाला मयत, मग फोन बंद.

नंतर आईला आठवलं, पहिल्या दिवशी टेप काढून त्याने घेर मोजला होता तो सागवानाचा. गुलमोहराकडे नुसती मान वर करून पाहिलं होतं. साधी गोष्ट आहे: गुलमोहर सरपणाला जातो, साग घनफुटावर विकला जातो. लाकूड कोणाचं, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. तो त्याने मनातल्या मनात सोडवून टाकला.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार केली म्हणून महापालिकेची माणसं आली, पंचनामा झाला आणि नोटीस निघाली आईच्या नावाने. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातलं का असेना. 2021 च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागे एक लाखापर्यंत जाऊ शकतो. साहेबांनी सागाचं वय विचारलं. पन्नास वर्षांचं असतं तर हेरिटेज वृक्षात गेलं असतं. ठेकेदाराचं नाव-पत्ता? आमच्याकडे एक बंद नंबर आणि पैसे गेले त्या बाईचं नाव. पोलिसांनी अर्ज घेतला, पुढचं अजून लटकलेलंच आहे.

त्याच साहेबांना मी तोडून टाकायचा म्हणून गुलमोहर दाखवला. त्यांनी बुंध्याभोवती फेरी मारली, खोडावर हाताने ठोकून पाहिलं, मुळांजवळची माती बुटाने उकरली. म्हणाले, "झाड पक्कं आहे. वरचा भार हलका केला असता की भागलं असतं. हे पाडायला कोणी सांगितलं?"

मग रीतसर छाटणीचा अर्ज केला. मंजुरीचा कागद मी या वेळी आमचा पत्ता, झाडाचं नाव आणि "छाटणी" हा शब्द बोटाने गिरवून वाचला. ओळखीच्या माळ्याने दुसरा माणूस दिला. लाइन बंद करून घेतली, मी रजा टाकून दिवसभर खाली उभी राहिले. त्याने दुपारपर्यंत रस्त्याकडच्या फांद्या उतरवल्या, पाला भरला, अंगण झाडलं आणि 6,500 घेतले, तेही सगळं झाल्यावर. जाताना मागच्या बुंध्यापाशी थांबला. "साग आहे, फुटेल," म्हणाला. ऑगस्टमध्ये कडेने दोन कोंब आलेत. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच बसते.