कॉर्सेअर आरएम१०००ई: हजार वॅट नेमके कुणाला लागतात?

दोन लाखांचं ग्राफिक्स कार्ड घेऊन एसएमपीएसवर (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) चार हजार वाचवणारे खूप आहेत, आणि 'असू दे, पुढं लागेल' म्हणून १२०० वॅटचा घेणारेही. कॉर्सेअरचा हजार वॅटचा आरएम१०००ई (२०२३ची आवृत्ती) घ्यावा की नाही, हे आधी बेरीज करून ठरवा.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाचे ४५० वॅट, रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर जास्तीत जास्त घेतो ते १६२, आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, लिक्विड कूलरचा पंप मिळून ८० धरा. झाले ६९२. एनव्हिडिया ४०९०साठी ८५० वॅट सांगते आणि तेवढ्यात भागतंही, पण हजारवर हाच भार सत्तर टक्क्यांच्या आत बसतो, एसएमपीएस कमी तापतो. ५०९० एकटंच ५७५ वॅटचं. त्याच प्रोसेसरसोबत बेरीज ८१७ होते, म्हणजे हजार हवेतच. सोबत इंटेलचा कोअर आय९-१४९००के प्रोसेसर असेल तर त्याचे २५३ धरून ९०८. रेंडरिंगमध्ये दोन्ही एकदम राबवायचे असतील तर सरळ १२०० घ्या. ४०८० (३२०) किंवा ५०८० (३६०) असेल तर मात्र याच मालिकेतला ८५० वॅटचा पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत मोठी एसएसडी येईल.

नुसती बेरीजही पुरत नाही. कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी घेतं. जुना एसएमपीएस त्याला ओव्हरलोड समजून बंद पडतो: निळा स्क्रीन नाही, एरर नाही, गेम चालू असताना पीसी थेट रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (त्रुटींची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' एवढंच दिसतं आणि लोक रॅम बदलत बसतात. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार झेलण्याची अट आहे. आरएम१०००ई त्या मानकाचा आहे, आणि तो घेण्याचं खरं कारण हेच.

कार्डाची १६ पिनांची केबल सोबत येते. एसएमपीएसच्या बाजूला तिची दोन ८-पिन टोकं लागतात. इथं घाई नको. या केबलची कमाल मर्यादा ६०० वॅट, १२ व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर, तेही १६ पैकी १२ व्होल्टच्या सहा पिनांतून. दर पिनेला सुमारे ८.३ अँपिअर, आणि पिनेची क्षमता ९.५. एवढ्या कमी फरकात कनेक्टर एक-दोन मिलिमीटर जरी बाहेर राहिला तरी काही पिना तापतात. २०२२च्या अखेरीस ४०९०चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी केबल जोडा, बाजूनं टॉर्च मारून फट दिसत नाही ना बघा, आणि कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवा. काचेचा दरवाजा केबलवर दाबून लागत असेल तर कॅबिनेट अपुरं आहे.

जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबल मात्र याला लावू नका. खाच जुळली तरी आतली पिनांची रचना वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी गेलीच.

उणिवा आहेत. पंखा १२० मिलिमीटरचा, रायफल बेअरिंगचा. कमी भाराला तो फिरतच नाही, पण भर गेममध्ये ऐकू येतो. वॉरंटी ७ वर्षं, तर कॉर्सेअरच्याच महागड्या आरएमएक्स मालिकेला १०. लांबी १४० मिलिमीटर असल्यानं छोट्या कॅबिनेटात मात्र छान बसतो.

पूर्ण भाराला भिंतीतून साधारण ११०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या आत. ६ अँपिअरचा चांगला सॉकेट चालतो, अर्थिंग नीट हवं. दिवे-पंख्यांचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर याला चालत नाही. यूपीएस प्युअर साइन वेव्हचाच (भिंतीतल्या विजेसारखी लहर देणारा) घ्या, आणि व्हीएऐवजी (व्होल्ट-अँपिअर) वॅटचा आकडा बघा: १००० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसवर ६०० वॅटच लिहिलेले असतात, गेम चालू असताना वीज गेली तर तो ४०९०चा पीसी तोलणार नाही.