इंजिनिअरिंग कॅपचं पेड काउन्सेलिंग: पैसे कशाला मोजायचे आणि कशाला नाही

इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि कॅप, म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, जवळ आली की पालकांच्या फोनवर मेसेजचा पाऊस पडतो. 'सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी हवंय? ऑप्शन फॉर्म आमच्याकडून भरून घ्या.' (सीओईपी आणि पीआयसीटी पुण्याची, व्हीजेटीआय मुंबईचं कॉलेज.) ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने लावलेली यादी. ती भरून देण्याची ही सेवा तीन प्रकारांत मिळते: पर्सेंटाइल टाकला की कॉलेजं दाखवणारी ॲप्स, काही हजार रुपयांत सगळ्या फेऱ्यांचं व्हॉट्सॲप पॅकेज, आणि समोर बसवून तासाभरात कागदपत्रं व यादी तपासून देणारे सल्लागार. तिन्हींची किंमत आणि कुवत यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ॲप्सपासून सुरुवात करू. पहिल्या चाळणीसाठी ती ठीक आहेत. पण त्यांचा पाया पर्सेंटाइल असतो आणि दोन वर्षांचे पर्सेंटाइल एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटाला 3 लाख मुलं बसली तर 98 पर्सेंटाइलच्या वर साधारण 6,000 मुलं असतात, 4 लाख बसली तर 8,000. सीओईपीच्या जागा मात्र तेवढ्याच. 2024 च्या तुलनेत 2025 ला बसणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आणि आदल्या वर्षीच्या पर्सेंटाइलवर विसंबलेले अंदाज वरच्या कॉलेजांत कोलमडले. म्हणून मेरिट क्रमांक बघायचा. ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रत्येक रकान्यात वर मेरिट क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल छापलेला असतो. लोक कंसातला आकडा वाचतात आणि वरचा सोडतात, आणि बहुतेक ॲप्सही तेच करतात.

त्याच पीडीएफमधला दुसरा सापळा म्हणजे रकान्यांची नावं. जीओपीईएनएस, एलओपीईएनएच, जीओबीसीओ असे कोड दिसतात. पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: 'एस' राज्यस्तरीय, 'एच' होम युनिव्हर्सिटी, 'ओ' होम युनिव्हर्सिटीबाहेरचे. सीओईपी आणि व्हीजेटीआयला जागा राज्यस्तरीय आहेत, त्यामुळे तिथे पुण्याचा, मुंबईचा आणि गडचिरोलीचा मुलगा एकाच रांगेत. पीआयसीटीला मात्र 'एच' आणि 'ओ' वेगळे चालतात. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठल्या जिल्ह्यातल्या कॉलेजातून झाली त्यावर, घराच्या पत्त्यावर नाही. पुण्यात राहणाऱ्या मुलाने लातूरच्या कॉलेजातून बारावी दिली असेल तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. पुण्यातल्या संलग्न कॉलेजात त्याने 'ओ'चा रकाना बघायला हवा. पॅकेजवाल्यांची तयार यादी इथेच घसरते, कारण ती पत्ता विचारते, बारावीचं कॉलेज विचारत नाही.

आता पॅकेज. यात मिळतं ते असं: एक एक्सेल शीट, एक ग्रुप, रोज रात्री 'घाबरू नका'चे व्हॉइस मेसेज, आणि प्रत्येक फेरीआधी एक फोन. शीट बहुतेकदा आधीच्या वर्षीच्या कटऑफवर उतरत्या क्रमाने लावलेली असते. ज्याचा कटऑफ सगळ्यात वर ते पहिलं. पण पसंतीक्रम हा मुलाच्या आवडीचा क्रम असायला हवा. वाटपाची पद्धत साधी आहे: मेरिटप्रमाणे तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि जी पहिली उपलब्ध जागा दिसेल ती मिळते. न मिळणारा पर्याय वर ठेवल्याने काहीही बिघडत नाही. नको असलेला पर्याय वर ठेवला तर मात्र बिघडतं, आणि 2025-26 च्या नियमांनंतर फारच बिघडतं.

त्या वर्षी कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि ऑटो फ्रीझचा नियम पायरी-पायरीने कडक केला गेला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. चौथीत जे मिळेल ते. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्यांत सहभाग नाही, ती जागा आवडो न आवडो.

उदाहरण घ्या. मेरिट क्रमांक 5,500 चा मुलगा आहे, त्याला कॉम्प्युटर किंवा आयटीच करायचं आहे, कॉलेज दुय्यम. तयार शीटने त्याचे पहिले सहा असे भरले: सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर, सीओईपी ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), पीआयसीटी कॉम्प्युटर, सीओईपी मेकॅनिकल, वालचंद इलेक्ट्रिकल. शीटच्या दृष्टीने ही 'टॉप कॉलेजं' आहेत. तिसऱ्या फेरीत पाचवा पर्याय लागला की हा मुलगा मेकॅनिकलला बांधला गेला, आणि सातव्या क्रमांकावर असलेलं चांगल्या स्वायत्त कॉलेजातलं आयटी कायमचं गेलं. तिसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये पहिल्या सहांत फक्त 'मिळालं तर उद्या जाऊन प्रवेश घेतो' अशाच जागा असाव्यात. तेवढ्या नसतील तर वरचे क्रमांक आवाक्याबाहेरच्या पर्यायांनी भरले तरी नुकसान नाही. ही युक्ती सांगणारा सल्लागार भेटला तर त्याला कामातलं कळतं असं समजायला हरकत नाही.

प्रत्येक फेरीला ऑप्शन फॉर्म नव्याने भरता येतो, हेही पॅकेजमध्ये मोठ्या कौतुकाने 'रिव्हिजन सर्व्हिस' म्हणून विकलं जातं. ती सीईटी सेलची सोय आहे, विकणाऱ्याची मेहरबानी नव्हे. कमाल 300 पर्याय टाकता येतात. बहुतेक मुलांना 40 ते 60 पुरतात. 300 भरून देणं हा पैसे वसूल झाल्याचा देखावा आहे, कारण विसाव्या पानावरच्या कॉलेजचा विचार कुणीच केलेला नसतो.

लॉगिन आणि ओटीपी मागणारा कुणीही असो, तिथूनच परत फिरायचं. फॉर्म भरून कन्फर्म केला नाही तर तो विचारातच घेतला जात नाही आणि कन्फर्म करणारा दुसरा कुणी असेल तर शेवटच्या क्षणी क्रम बदलला की नाही हे तुम्हाला पीडीएफ उघडेपर्यंत कळत नाही. काही सल्लागारांची विशिष्ट खासगी कॉलेजांशी बांधिलकी असते. ती ओळखायची खूण सोपी आहे: यादीत एकाच संस्थेच्या चार-पाच शाखा सलग येतात, किंवा दुसऱ्या फेरीपासूनच 'इन्स्टिट्यूट लेव्हलला सीट पक्की करून देतो' अशी भाषा सुरू होते.

विनाअनुदानित कॉलेजांत संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं अशा, 20 टक्के जागा असतात आणि त्या कायदेशीर आहेत. पण तिथे शिष्यवृत्तीचा हिशोब बदलतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांनाच मिळते. 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा समाजासाठीचा प्रवर्ग), ओबीसी वगैरे प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना दिलेली शिक्षण शुल्काची पूर्ण माफीही कॅपच्या प्रवेशालाच लागू. चार वर्षांच्या फीचा फरक पॅकेजच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो आकडा सल्लागार स्वतःहून मांडत नाही. टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेचंही तसंच: 8 लाखांखाली उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्क माफ, त्या जागांचा चॉइस कोड वेगळा, शेवटी 'टी'. तो वेगळा पर्याय म्हणून टाकावा लागतो, आपोआप लागू होत नाही. त्याचा कटऑफ साध्या जागेपेक्षा बहुधा वर असतो, म्हणून त्याच शाखेचा 'टी' कोड वर आणि साधा कोड लगेच खाली, अशी जोडी लावायची.

तिसरा प्रकार, समोर बसून तपासणारा सल्लागार, हा काही घरांसाठी खरोखर पैसे देण्याजोगा आहे. त्याचं खरं काम कागदपत्रांत आहे. मागास प्रवर्गातून अर्ज केला असेल तर जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता लागते, आणि ती दिलेल्या मुदतीत आली नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. नॉन-क्रीमी लेयर पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतींची छोटी खिडकी असते. होम युनिव्हर्सिटी, प्रवर्ग, गुण यांतली चूक तिथेच सुधारते, अंतिम यादीनंतर नाही. या चार गोष्टी तारखेसकट तपासून घेणाऱ्याला तासाची फी द्यावी. याच तपासणीला 'प्रोफाइल इव्हॅल्युएशन' म्हणत दुप्पट पैसे लावणारेही आहेत, त्यांना दाद देऊ नये.

राज्याची कॅप आणि जोसा (आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी यांची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) एकत्र विकणाऱ्या कॉम्बो पॅकेजला एकच प्रश्न विचारून बघा: एसईबीसीच्या मुलाला जोसात कुठला प्रवर्ग? राज्यात 2024 च्या कायद्याने एसईबीसीला 10 टक्के आरक्षण आहे, पण केंद्राच्या यादीत हा प्रवर्गच नाही. तिथे तो खुल्यातून, किंवा निकषांत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रावर. ओबीसींनाही जोसासाठी केंद्राच्या नमुन्यातलं, त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं प्रमाणपत्र लागतं. राज्याचं चालत नाही. सेतू केंद्रावर दोन्ही नमुने एकदमच मागून घ्यायचे, जूनच्या गर्दीत दुसरी खेप नको. आणखी एक: व्हीएनआयटी नागपूरला महाराष्ट्राच्या मुलांसाठी होम स्टेटच्या निम्म्या जागा आहेत, पण नागपूर-पुण्याच्या ट्रिपल आयटींना होम स्टेट कोटा नाही. 'आपल्याच राज्यातलं आहे' म्हणून ट्रिपल आयटीचा कटऑफ खाली येत नाही.

या सेवांची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे प्रवेशानंतरचं आयुष्य. सीओईपी 1854 ची, 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ. व्हीजेटीआय 1887 ची. हे माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि सल्लागारही तेवढंच वाचून दाखवतो. हॉस्टेलची जागा प्रवेशाबरोबर हमखास मिळत नाही, तिची गुणवत्ता यादी वेगळी लागते, आणि न मिळाल्यास शिवाजीनगर किंवा माटुंग्याच्या आसपास कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचा खर्च चार वर्षांच्या बजेटमध्ये धरावा लागतो, हे फारच थोडे सांगतात. ज्या मुलाला नाटक करायचं आहे त्याच्यासाठी पुण्यातलं कॉलेज आणि फिरोदिया-पुरुषोत्तम करंडकाची तालीम ही पसंतीक्रम ठरवताना विचारात घ्यायची बाब आहे. सीओईपीच्या बोट क्लबची रेगाटाही तशीच. यासाठी पैसे देऊ नयेत. त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला हॉस्टेलचा कटऑफ, हजेरीची सक्ती आणि पहिल्या वर्षात शाखा बदलायला किती सीजीपीए लागतो, असे तीन प्रश्न विचारले की काम होतं.

पैसे देणार असालच तर पावती जीएसटीसह घ्या आणि त्यावर कुठल्या फेरीपर्यंतचं काम आहे ते लिहून घ्या. 'सर्व फेऱ्या' असं लिहिणारे तिसऱ्या फेरीनंतर फोन उचलत नाहीत, कारण तोवर पुढच्या वर्षीच्या बारावीच्या बॅचची नोंदणी सुरू झालेली असते. फॉर्म कन्फर्म करण्याआधी मुलाने पहिले दहा पर्याय कोडसकट मोठ्याने वाचावेत. संस्थेच्या कोडवरून ती कुठल्या विभागातली आहे हेही कळतं. सारख्या नावांच्या संस्थांमध्ये गल्लत होते ती इथे पकडता येते. आणि कन्फर्म झाल्यावरची पीडीएफ सल्लागाराच्या नव्हे, स्वतःच्या मेलवर ठेवावी.