उलटी टक्केवारी काढणारं अ‍ॅप: उत्तर बरोबर देतं, पण काय विचारायचं ते तुम्हालाच कळलं पाहिजे

तीन आठवडे हे टक्केवारीचं कॅल्क्युलेटर अ‍ॅप वापरतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जरा तक्रारी आहेत आणि तसंही या जातीची अ‍ॅप्स थोड्याफार फरकाने सारखीच असतात. मला ते एकाच कामासाठी हवं होतं, टक्के माहितीयेत, तेवढ्या टक्क्यांचा आकडाही माहितीये, पण पूर्ण किती तेच माहीत नाही, ते काढायचं. सरळ टक्केवारी जमते हो, 150 चे 30 टक्के म्हणजे 45, त्यात काय. पण "45 हे कशाचे 30 टक्के?" असं उलटं विचारलं की हात आपोआप गुणाकाराकडे जातो आणि 13.5 उत्तर येतं, आणि पूर्ण आकडा त्याच्याच तुकड्यापेक्षा लहान कसा हे त्यावेळी डोक्यात पण येत नाही.

अ‍ॅप उघडलं की तीन चौकोन दिसतात. अमुकचे तमुक टक्के किती, अमुक हे तमुकचे किती टक्के, आणि अमुक हे कशाचे तमुक टक्के. आपलं काम तिसऱ्यात. तिन्हींचा रंग सेम, फॉन्ट सेम, त्यामुळे घाईत दोनदा पहिल्यातच आकडे टाकून मोकळा झालो, हे डिझाईन कोणी पास केलं देव जाणे. पहिली टेस्ट फोनवरच घेतली, 48.64 जीबी भरलंय आणि 38 टक्के वापरलं असं दिसत होतं, टाकलं, 128 आलं. एकदम करेक्ट.

यातली खरी भारी गोष्ट म्हणजे "पायऱ्या दाखवा" बटण. 45 ला 30 ने भागा, 1.5 आलं, हा झाला एक टक्का, आता गुणिले 100, झाले 150. बास एवढंच! हे शाळेतलं त्रैराशिकच आहे की, 30 ला 45 तर 100 ला किती. एक टक्का आधी काढायचा हे एकदा डोक्यात बसलं की अ‍ॅप उघडायचंच विसरायला होतं. 25 टक्के दिले असतील तर चौपट करा, 20 असतील तर पाचपट, साडेबारा असतील तर आठपट, तोंडी होतं सगळं. म्हणजे अ‍ॅपने स्वतःचंच गिऱ्हाईक कमी केलं, यासाठी एक स्टार जास्त.

आता तक्रार. "वाढ-घट" नावाचा वेगळा टॅब आहे आणि तिथेच लोक फसणार, मी फसलो. 20 टक्के सूट मिळून एक वस्तू 960 ला पडली, मूळ किंमत हवी होती, तर मी 960 टाकून 20 टक्के वाढवले, अ‍ॅपने गुपचूप 1152 दाखवलं. हिशोब म्हणून चूक नाही, मी विचारलं तेच सांगितलं त्याने. पण सूट 960 वर नव्हती ना, ती मूळ किमतीवर होती. 20 गेले म्हणजे 960 हे मूळ किमतीचे 80 टक्के, आणि तिसऱ्या चौकोनात 960 आणि 80 टाकलं की येतात 1200. पडताळा घ्या, 1152 मधून 20 टक्के काढले तर 921.60 उरतात, 960 नाही. कराचं पण सेम, 15 टक्के कर धरून 1150 झाले तर ते 115 टक्के आहेत, मूळ 1000. लोक सरळ 1150 चे 15 टक्के वजा करतात आणि 977.50 घेऊन बसतात. "सूट वजा होऊन उरलेली रक्कम" असा एक चौथा चौकोन दिला असता तर काय बिघडलं असतं?

अजून एक, एका रिपोर्टमधे "66 जण म्हणजे 33 टक्के" असं होतं, अ‍ॅपने एकूण 200 सांगितले. पण 33 हा आकडाच जवळचा पूर्णांक करून लिहिलेला असणार, मग एकूण 198 पासून 203 पर्यंत काहीही असू शकतं! अ‍ॅप मात्र 200 असं ठामपणे सांगतं, "अंदाजे" वगैरे काही नाही. तसंच 50 आणि 16.67 टाकलं तर 299.94 येतं, खरं तर 300 हवं, पण तिथे दोष आपल्या दोन दशांशांचा आहे, त्याला कशाला बोल लावायचा.

गंमत म्हणून 5 हे कशाचे 0 टक्के असं विचारलं तर स्क्रीनवर "अनंत" आलं. अरे असा आकडाच नसतो बाबा, कशाचेही 0 टक्के शून्यच, सरळ "उत्तर नाही" लिहा की.

जाहिराती नेमक्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतात, त्याचा अर्धा स्टार कापला. पाचपैकी साडेतीन. म्हणजे माझ्या डोक्यातल्या पूर्ण अ‍ॅपचे 70 टक्के, हे मात्र तोंडी काढलं.