पहिल्या पानाची लेखी गॅरंटी: माझे ३९,३२० रुपये कसे गेले

३९,३२० रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण सगळे तोच विचारतात आणि ऐकल्यावर ‘एवढेच ना’ म्हणतात. सांगलीत हळद पावडर आणि बेदाणा पाकिटात भरून विकणाऱ्या माणसाच्या हातात एवढे पैसे सुटायला किती माल खपावा लागतो, ते अशा लोकांनी एकदा मार्केट यार्डात येऊन बघावं.

हिशोब असा. ‘साइट ऑडिट’चे १,५००. मग ‘प्रीमियम लिंक नेटवर्क, ३०० पार्टनर साइट, सहा महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी’ (म्हणजे तीनशे दुसऱ्या साइटवर माझ्या साइटची लिंक टाकून मला गूगलवर वर आणायचं) याचे २४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी म्हणून ४,३२०. शेवटी साइट पार झोपल्यावर तीच घाण काढून द्यायचे ९,५००. घालायचेही पैसे त्यांनीच घेतले आणि काढायचेही.

‘शिकला-सवरलेला माणूस कसा काय फसला?’ असं नातेवाइकांत बोललं जातं. त्यांना एकच सांगतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हरिपूरची हळद साठवायची पेवं सगळ्यांना माहीत आहेत, आणि तरी गूगलवर सांगलीची हळद शोधली की भलत्याच शहरांतले ब्रँड वर येतात. माझं दुकान कुठं? तिसऱ्या-चौथ्या पानावर. अशा वेळी कुणी गोड आवाजात ‘सर, तुमचा माल चांगला आहे, फक्त बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक, कमी पडतात’ म्हणालं तर ते पटतं. कारण त्यात अर्धं खरं आहे. गूगलचा पायाच लिंकवर घातलेला: १९९८ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी पेजरँक मांडला तो याच विचारावर, की ज्या पानाकडे चांगली पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. फोनवरच्या पोरानं हे मला व्यवस्थित समजावलं. त्यापुढचं चौदा वर्षांचं मात्र गिळलं.

पुढचं मी सांगतो. लोकांनी ‘तू माझी लिंक टाक, मी तुझी टाकतो’ असा धंदाच मांडला. सौद्यात दोन व्यापाऱ्यांनी एकमेकांच्याच मालावर चढी बोली लावायची आणि बाजार तेजीत आहे म्हणायचं, तसला प्रकार. काही वर्षं चाललाही, खोटं कशाला बोलू. मग २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला आणि असल्या साइट धडाधड खाली आल्या. २०१६ पासून तो त्यांच्या मुख्य यंत्रणेचाच भाग आहे. नुसती क्रमांकासाठी केलेली लिंकची मोठी अदलाबदल, आणि त्यासाठीच बनवलेली ‘पार्टनर’ पानं, गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी लिहिलेली आहेत. फुकट वाचता येतात. २०२२ च्या डिसेंबरपासून तर स्पॅमब्रेन नावाची यंत्रणा असल्या लिंक ओळखून त्यांचं वजनच शून्य धरते. म्हणजे नशीब बरं असेल तर उपयोग शून्य, आणि नसेल तर कारवाई. फायद्याचा रकाना नाहीच.

आता ती जागा, जिची आठवण झाली की अजून डोकं तापतं. पैसे भरल्यावर त्यांनी एक्सेलमध्ये पार्टनर साइटची यादी पाठवली. जयपूरचे पॅकर्स-मूव्हर्स, केस रोपण, टेक्सासमधली गॅरेजची दारं, ऑनलाइन रमी. मी विचारलं, ‘हळदीचा आणि गॅरेजच्या दाराचा काय संबंध?’ तर म्हणतो, ‘सर, गूगलला विषय कळत नाही, नंबर कळतो.’ हे वाक्य! याच वाक्याला फोन आपटून २८,३२० परत मागायचे होते. पण समोरचा माणूस डॉक्टरसारखा ठाम बोलतो, आपण शंका काढली की ‘टेक्निकल आहे सर’ म्हणतो. मग आपण काय, हळकुंड मोडून दाखवणार त्याला? शिवाय पैसे गेलेले असतात, त्यामुळे मनच सांगतं की असेल बाबा काहीतरी. त्यांनी साइटचा पासवर्ड मागितला, मी दिला. सगळेच मागतात, सगळेच देतात. (देऊ नका. द्यायचाच तर वेगळं खातं काढून द्या आणि काम झालं की बंद करा.)

दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा. ‘डीए ६ वरून २९!’ हा डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, मॉझ नावाच्या खासगी कंपनीनं साइटला दिलेला आकडा आहे, गूगल क्रमांक लावताना तो बघत नाही. ‘क्रमांक १’ असंही असायचं. कुठल्या शब्दांना? ‘राजापुरी सेलम मिक्स हळद पावडर अर्धा किलो विश्रामबाग’. हे जगात फक्त मी आणि ते पोरगं शोधत असणार.

मग तासगावच्या आमच्या बेदाणेवाल्यांचा फोन आला. ‘अण्णा, तुमच्या साइटवर रमी कधीपासून हो?’ पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिंकची रांग लावलेली होती. त्यांचा मोबाइल गडद रंगावर असल्यानं त्यांना दिसली. माझ्या गिऱ्हाइकाला दिसली नाही, पण गूगलला दिसली. पुतण्यानं पुण्याहून सर्च कन्सोल, म्हणजे साइटच्या मालकासाठी गूगलनं ठेवलेली सोय, उघडून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, मॅन्युअल अ‍ॅक्शन आहे. अनैसर्गिक लिंक.’ म्हणजे गूगलच्या माणसानं साइट तपासून केलेली कारवाई. तोवर साइटवरून येणाऱ्या ऑर्डरी जवळजवळ बंद पडल्या होत्या.

कंपनीला फोन केला तर आवाज तोच, गोडवा तोच. ‘सर, डिसअव्हाउ करावं लागेल, ९,५०० होतील.’ डिसअव्हाउ म्हणजे नको असलेल्या लिंकची यादी गूगलला कळवायची सोय. २०१२ पासून आहे आणि फुकट आहे! हे मला पैसे गेल्यावर कळलं. फाइल पाठवून ते गायब. माझ्या साइटवरची रांग तर तशीच होती. ती पुतण्यानं एका रात्रीत काढली, कारवाई मागं घ्या म्हणून गूगलकडं पुनर्विचाराची विनंतीही त्यानंच केली.

यादीतल्या जयपूरवाल्याला मी फोन लावला. तोही पैसे भरून बसलेला. त्याच्या पानावर माझी हळद, माझ्या पानावर त्याचे ट्रक, आणि दोघांचे पैसे तिसऱ्याच्या खिशात.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? ओटीपी चोरीला गेला नाही ना? मग हे दिवाणी.’ लेखी गॅरंटी दाखवली, तर ‘हे गूगलचं आहे, गूगलकडं जा.’ गूगलचं ऑफिस काय गणपती पेठेत आहे? बँकेत म्हणाले, व्यवहार तुमच्या संमतीनं झालाय. पुन्हा ठाण्यात गेलो तर आधीचे साहेब बंदोबस्ताला, नव्या साहेबांना पहिल्यापासून गोष्ट. त्यांनी अर्ज ‘चौकशीत ठेवतो’ म्हणून घेतला. पोच मागितली तर माझ्याकडं असं बघितलं की मीच चोर. पोच सोडू नका, तिच्याशिवाय तुमचा अर्ज अस्तित्वातच नसतो. जयपूरवाल्यासोबत एकत्र तक्रार देतो म्हटलं, तर राज्य वेगळं, हद्द वेगळी. फसवणाऱ्याला हद्द नाही, फसलेल्याला आहे. जीएसटीच्या कार्यालयात गेलो, कारण पावतीवरचा नंबर १४ अक्षरांचा निघाला आणि खरा १५ अक्षरांचा असतो. म्हणजे ४,३२० सरकारच्या नावानं घेतले आणि सरकारला काही मिळालं नाही. वाटलं, निदान हे तरी चिडतील. ते म्हणाले, ‘ऑनलाइन टाका.’ जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही नंबर लॉगिन न करता तपासता येतो; पैसे देण्याआधी तपासा, देऊन झाल्यावर नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तर पैसे गेल्या-गेल्या करा. माझ्यासारखे महिने उलटल्यावर खातं गोठवायला उरतंय काय? आणि पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनं लिहून ठेवलंय. गॅरंटी म्हणाला की फोन ठेवायचा. बेदाणेवाल्यांनी आपणहून त्यांच्या साइटवर माझं नाव टाकलंय, मीही त्यांचं टाकलंय. त्यानं काही बिघडत नाही, आमचा खरा व्यवहार आहे. अनोळखी तीनशे जणांचं तसं नसतं.

सध्या ग्राहक आयोगात अर्ज द्यायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ‘धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहकात बसत नाही’ असं खिडकीवरच्यानं आधीच ऐकवलंय. वकील म्हणतात, भांडून बघू. तुमच्याकडं असल्या लिंक पॅकेजची पावती असेल तर फेकू नका, जीएसटी नंबराची अक्षरं मोजा. १४ भरली तर मला कळवा, आपले अर्ज बरोबरच लावू.