कपाटाचं पुढचं अक्षर: एक मिळवावं, भाषेवर सोपवावं की यादी ठेवावी?

बडोद्यातल्या एखाद्या ग्रंथालयासाठी कपाटांची लेबलं छापणारा प्रोग्रॅम लिहायचा, तर तीन लिप्या हाताळाव्या लागतात. मराठी विभागाला क, ख, ग, गुजराती विभागाला तीच अक्षरं गुजराती वळणात आणि इंग्रजीला ए, बी, सी. ‘पुढचं अक्षर’ काढायचे मार्गही तीन आहेत आणि तिन्ही लिप्यांना एकच मार्ग चालत नाही.

अक्षराच्या अंकात एक मिळवणं

इंग्रजीसाठी हे सर्वांत सोपं. संगणक प्रत्येक अक्षराला एक अंक देतो. आस्की या इंग्रजीच्या अंकयादीत मोठा (कॅपिटल) ए ६५वर आणि मोठा झेड ९०वर आहे, मध्ये खंड नाही. झेडच्या पुढे मात्र ९१वर चौकटी कंस येतो, म्हणून २६ची मर्यादा तपासावीच लागते. प्रोग्रॅमिंगच्या भाषेप्रमाणे लिहिण्यात फरक पडतो. पायथॉनमध्ये आधी अंक काढून, एक मिळवून परत अक्षर करायचं. जावास्क्रिप्टमध्ये अक्षराला थेट एक जोडला, तर बेरीज न होता अक्षरापुढे १ चिकटतो.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, एबसडिक ही वेगळी अंकयादी असते आणि तिथे हा मार्ग इंग्रजीलाही दगा देतो. आय २०१वर, पण जे २०९वर; आर २१७वर, पण एस २२६वर. सी भाषेचं मानक फक्त ० ते ९ हे अंक सलग असल्याची हमी देतं, अक्षरांची नाही.

देवनागरीत खरी अडचण क्रमाची आहे. युनिकोड या सर्व लिप्यांच्या अंकयादीत क २३२५वर आणि ह २३६१वर, म्हणजे ३७ जागा, पण आपल्या वर्णमालेत क ते ह ही अक्षरं ३३च. न (२३४४) मध्ये एक मिळवला की प येत नाही, नुक्त्याचा ऩ येतो. र नंतर ऱ येतो. ‘वाऱ्या’ लिहायला तो लागतो, पण कपाटावर त्याला जागा नाही. ल नंतर ळ आणि मग ऴ येतो. आपण मात्र ळ हा ह नंतर म्हणतो. क्ष आणि ज्ञ तर या ओळीत नाहीतच: प्रत्येकी तीन संकेत (युनिकोडचे अंक), व्यंजन, हलन्त (पाय मोडल्याची खूण), व्यंजन.

यूटीएफ-८ या पद्धतीत युनिकोडचा अंक बाइटांत साठवतात, तो बाइट वाढवू नका. क म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट. शेवटचा वाढवत गेलं की ह पर्यंत (१८५) वरवर जमतं, पण १९१पुढे गेलं की मजकूरच अवैध होतो. मोडी लेबलं हवी असतील, तर यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवण-पद्धतीत एका अक्षराला दोन तुकडे लागतात. पहिल्या तुकड्यात एक मिळवला की पुढचं अक्षर न येता थेट १०२४ जागा पुढे उडी पडते.

जुनी फाइल कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर हा विचारच सोडा. तिथे क म्हणजे आतून इंग्रजी छोटा डी (१००). एक मिळवला की १०१, म्हणजे म. आणखी एक, की ऱ्हस्व इकाराची वेलांटी. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

भाषेची तयार वाढ

पीएचपी, पर्ल आणि रूबी या प्रोग्रॅमिंग भाषांत अक्षर वाढवलं की झेडनंतर आपोआप एए येतं. एक्सेलच्या स्तंभांसारखी इंग्रजी लेबलं हवी असतील, तर हे उत्तम. पीएचपीत मात्र ‘छोट्या झेडपर्यंत, झेड धरून’ अशी फेरी (लूप) लावली की ती वायझेडपर्यंत जाते, कारण तुलनेत एए हे झेडच्या आधी येतं. २६ऐवजी ६७६ लेबलं छापली जातात. देवनागरीला हा मार्ग बाद: पर्लमध्ये क वाढवला की १ मिळतो आणि पीएचपीत क तसाच राहतो.

आपली यादी आणि क्रमांक

मराठी-गुजरातीसाठी आमची शिफारस हीच. यादी सलग मजकूर म्हणून ठेवू नका, सुट्या घटकांची ठेवा. नाहीतर क्ष चे तीन तुकडे होतात. क ते ह, मग ळ, क्ष, ज्ञ मिळून ३६ घटक. ङ लांबून ड सारखा दिसतो, तो आणि ञ गाळले की ३४ उरतात. ३४ संपले की क-२, ख-२. डेटाबेसमध्ये अक्षर नाही, क्रमांक साठवा आणि त्यावरच क्रम लावा, म्हणजे ळ मध्येच घुसणार नाही.

गुजराती यादी वेगळी टाइप करायची गरज नाही. दोन्ही लिप्यांची मांडणी युनिकोडमध्ये समांतर आहे. प्रत्येक संकेतात ३८४ मिळवले की गुजराती अक्षर मिळतं. क्ष चे तिन्ही संकेत आणि अंकही नीट बदलतात. हेच गणित क ते ह च्या सरसकट ३७ जागांवर चालवलं, तर ऩ, ऱ, ऴ यांच्या समोर गुजरातीत रिकाम्या जागा आहेत, तिथे चौकोन छापले जातात. म्हणून आधी यादी गाळा, मग ३८४ मिळवा. दंड (।) दोन्ही लिप्यांना एकच आहे, त्याला हात लावू नका.

इंग्रजी लेबलंही स्वतःच काढायची असतील, तर प्रत्येक फेरीत आधी १ वजा करा, मग २६ने भागा. २८साठी: २७, बाकी १ म्हणजे बी, भागाकार १, त्यातून १ वजा, बाकी ० म्हणजे ए. उत्तर एबी. वजाबाकी विसरली की पहिल्याच कपाटाला ए ऐवजी बी येतं.