नाइटजेटची नवी रात्रगाडी : एकट्या प्रवाशाची सोय

ऑस्ट्रियाच्या रेल्वेने डिसेंबर 2023पासून हॅम्बुर्ग-व्हिएन्ना आणि हॅम्बुर्ग-इन्सब्रुक मार्गांवर आणलेली नाइटजेट या आपल्या रात्रगाडी सेवेची नवी गाडी सीमेन्सने बांधली असून, तिच्या सात डब्यांपैकी दोन बसण्याचे, तीन कुशेटचे (झोपण्याच्या साध्या बर्थचे) आणि दोन शयनयानाचे आहेत. ताशी 230 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. पण रात्रीच्या गाडीला वेगापेक्षा झोप महत्त्वाची, हे रचनाकारांनी ओळखलेले दिसते.

खरी नवलाई आहे ती 'मिनी केबिन' या एकट्या प्रवाशासाठीच्या बंदिस्त कप्प्याची. थ्री टायरमध्ये समोरच्या अनोळखी माणसाच्या घोरण्यासह रात्र काढलेल्या आपल्याकडच्या प्रवाशाला, दार ओढून घेता येणे, स्वतःचा वाचनदिवा, छोटे टेबल, आरसा आणि सामानासाठी कुलूपबंद खण, ही चैनच वाटेल. जोडीने प्रवास करणाऱ्यांना शेजारच्या दोन कप्प्यांमधले छोटे दार सरकवून बोलताही येते. मात्र कप्प्याची उंची बेताची असल्यामुळे त्यात ताठ बसणे अवघड आहे, आणि वरच्या कप्प्यात चढणे गुडघे दुखणाऱ्यांना झेपणारे नाही. त्यांनी खालचाच कप्पा मागून घ्यावा.

शयनयानातील खोल्यांना स्वतःचे शौचालय व शॉवर आहे. खर्च परवडत असेल आणि सोबत कोणी असेल, तर निवड तीच करावी. एकट्याने, थोडक्या पैशांत आणि खासगीपणासह जायचे असेल, तर मिनी केबिनला तोड नाही.